कुंई कुंई आली कुठून?

स्कॉटलंडमधलं एक ओलं, धुक्यानं भरलेलं माळरान. डिसेंबरची सकाळ. थंडी अशी की नाकाचा शेंडा बधिर व्हावा. सहा कुत्रे एका रांगेत बसले आहेत. कुणाच्या गळ्यात पट्टा नाही की साखळी नाही. प्रत्येकाशेजारी त्याचा मालक उभा आहे आणि मागे हातात वही घेतलेले परीक्षक.

पलीकडच्या झाडीत हाकारे काठ्या आपटत रान उठवतात. फडफड करत एक फेझंट वर उडतो. फेझंट म्हणजे कोंबड्याएवढा, लांब शेपटीचा पक्षी. धाड! बंदुकीचा बार होतो आणि पक्षी शंभरेक पावलांवर गवतात पडतो. सहाही कुत्र्यांच्या माना एकदम तिकडे वळतात. डोळे चमकतात, अंग थरथरतं, पण जागचं कुणी हलत नाही. ज्याचा नंबर पुकारतील त्यानंच जायचं, हा नियम!

आणि तेवढ्यात रांगेतल्या तिसऱ्या कुत्र्याच्या तोंडून बारीकसा आवाज निघतो... "कुंई..."

थोडा वेळ जातो. पुन्हा, "कुंई... कुंई..."

परीक्षक वहीत काहीतरी लिहितात. मालक काय ते समजतो. मुकाट्यानं कुत्र्याच्या गळ्यात पट्टा अडकवतो आणि चालू लागतो. स्पर्धा संपली. कुत्रा चावला नाही, पळाला नाही, पक्षी फाडला नाही. फक्त कुंई कुंई केलं!

एवढ्याशा आवाजाला एवढी मोठी शिक्षा? होय दोस्तांनो. ब्रिटनमध्ये रिट्रीव्हर कुत्र्यांच्या मैदानी स्पर्धांचा हा पक्का नियम आहे. कुंई कुंई केली किंवा भुंकला की कुत्रा बाद. अमेरिकेतल्या स्पर्धांमध्ये थोडी सूट मिळते. तिथे एखादा बारीक आवाज पोटात घालतात, पण मोठ्यानं आणि सारखं केकाटणं तिथेही महागात पडतं.

आता खरी गंमत पुढे आहे. तो बाद झालेला कुत्रा घरी जातो आणि मालकाला एक प्रश्न सतावू लागतो : "ही कुंई कुंई याला मिळाली कुठून? याच्या बापाकडून? आजीकडून? की मीच शिकवताना काही चुकलो?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरावर बरंच काही अवलंबून असतं. कुंई कुंई रक्तातून आलेली असेल, तर या कुत्र्याची पिल्लं वाढवायची नाहीत, त्याचा वंश तिथेच थांबवायचा. शिकवण्यातून आलेली असेल, तर एका गुणी कुत्र्याचं घराणं उगाचच बंद पडेल! मग ठरवायचं कसं? चला, आज आपणच थोडे गुप्तहेर होऊ या.

गप्प बसण्याची नोकरी

आधी रिट्रीव्हर म्हणजे काय ते पाहू. रिट्रीव्ह करणं म्हणजे परत आणणं. शिकाऱ्यानं पाडलेलं बदक किंवा पक्षी शोधायचा, तोंडात अलगद धरायचा आणि दात न लावता मालकाच्या हातात द्यायचा, हे रिट्रीव्हरचं काम. आपल्याला ओळखीचे असलेले लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर हे याच जमातीतले.

पण तुम्ही विचार करा, या कामात धावणं किती आणि वाट पाहणं किती? धावणं दोन मिनिटांचं आणि वाट पाहणं दोन-दोन तासांचं! तळ्याकाठी गवताच्या आडोशाला शिकारी दडून बसतो. शेजारी कुत्रा. बदकं येण्याची वाट पाहायची. अशा वेळी कुत्रा कुंई कुंई करू लागला, तर बदकं उतरण्याआधीच वळून जाणार. शिवाय हा आवाज जांभईसारखा असतो. एकानं सुरू केला की शेजारचाही चुळबुळ करू लागतो. म्हणून रिट्रीव्हरची निम्मी नोकरी ही गप्प बसण्याची नोकरी आहे.

आणि गंमत बघा, हाच कुत्रा आळशी असूनही चालत नाही. पक्षी पडला की त्याच्या अंगात वीज सळसळली पाहिजे. मनात तुफान हवं आणि तोंड मात्र बंद! परीक्षेच्या दिवशी पेपर हातात पडण्याआधीची दोन मिनिटं आठवा, म्हणजे त्या बिचाऱ्याची अवस्था कळेल.

वहीत लिहिलेलं घराणं

कुत्र्यांच्या जगात 'रक्त' या शब्दाला फार महत्त्व. आपल्या घरी पणजोबांपलीकडची नावं विचारली तर आपण आठ्या घालू, पण जातिवंत कुत्र्यांची दहा-दहा पिढ्यांची वंशावळ कागदावर लिहिलेली असते.

गोल्डन रिट्रीव्हरचंच पाहा. स्कॉटलंडमध्ये गिसाकन नावाच्या जागी डडली मार्जोरीबँक्स नावाचे एक जमीनदार राहत. पुढे ते लॉर्ड ट्वीडमाऊथ झाले. त्यांनी १८६८ साली नूस नावाचा पिवळसर नर आणि बेल नावाची पाणकुत्री यांची जोडी जमवली. त्यांना चार पिवळी पिल्लं झाली. प्रिमरोज, क्रोकस, काउस्लिप आणि अडा. पहिली तीन नावं फुलांची! आजच्या गोल्डन रिट्रीव्हरचं मूळ या वेतापर्यंत नेता येतं. नेता येतं, कारण या गृहस्थांनी आपल्या कुत्र्यांच्या नोंदी एका वहीत वर्षानुवर्षं लिहून ठेवल्या होत्या.

लॅब्रेडॉरचंही तसंच. त्यांचे पूर्वज कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे, कोळ्यांच्या होड्यांवर काम करणारे. तिथून ते ब्रिटनमध्ये आले. १८८० नंतरच्या काही वर्षांत जन्मलेले नेड आणि ॲव्हन हे दोन नर पुढच्या सगळ्या लॅब्रेडॉर घराण्यांचे जणू मूळपुरुषच ठरले. १९०३ साली ब्रिटनच्या केनेल क्लबनं लॅब्रेडॉर ही स्वतंत्र जात म्हणून मान्य केली.

या गोष्टी सांगायचं कारण असं, की थोड्याच कुत्र्यांपासून मोठं घराणं तयार होतं. आजही एखादा नर स्पर्धा जिंकला की सगळ्यांना त्याचीच पिल्लं हवी असतात. असा एकटा नर शेकडो पिल्लांचा बाप होऊ शकतो. त्याच्यात एखादा चांगला गुण असेल तर तो पसरतो. आणि एखादी खोड लपलेली असेल तर? तीही पसरते! म्हणून तर त्या कुंई कुंईचा एवढा धसका.

काही बडबडे, काही मुखदुर्बळ

आवाज रक्तातून येतो असं मानायला जागा आहे का? आहे. निरनिराळ्या जातींकडे नुसती नजर टाका.

इंग्लंडमधला फॉक्सहाउंड घ्या. हे कुत्रे टोळीनं कोल्ह्याचा माग काढत. मागून घोड्यावर येणाऱ्या लोकांना टोळी कुठे आहे हे कळायचं ते त्यांच्या आवाजावरूनच. तिथे मुका कुत्रा बिनकामाचा! म्हणून पिढ्यान् पिढ्या खणखणीत आवाजाचेच कुत्रे निवडले गेले.

फिनलंडमधला फिनिश स्पिट्झ तर त्याहून वरचढ. रानातला पक्षी झाडावर बसला की हा खाली उभा राहून भुंकतच सुटतो. पक्षी त्याच्याकडे पाहत राहतो आणि शिकाऱ्याला नेमकं झाड सापडतं. तिथल्या स्पर्धांमध्ये चांगलं भुंकण्याला गुण मिळतात!

याच्या अगदी उलट आफ्रिकेतल्या काँगोकडचा बसेंजी. हा क्वचितच भुंकतो. कधी लहर लागली तर घशातून गाण्यासारखा एक विचित्र हेल काढतो, एवढंच.

आणि रिट्रीव्हरांच्या जमातीतसुद्धा एक वात्रट भावंड आहे. कॅनडातला नोव्हा स्कोशिया डक टोलिंग रिट्रीव्हर. हा तळ्याच्या काठावर बागडतो, त्याच्या उड्या पाहायला बदकं कुतूहलानं जवळ येतात. हा कुत्रा खूश झाला की अशी किंकाळी फोडतो की नवख्या माणसाला वाटावं, याची शेपटी दारात चेंगरली!

माणसानं निवड करून बडबड्या जाती केल्या आणि शांत जातीही केल्या. आवाज रक्तात मुळीच नसता, तर हे जमलंच नसतं. म्हणजे निकाल लागला? थांबा. एवढ्यात नाही.

रक्त की तालीम?

आपल्या गाण्याच्या घराण्यांचं उदाहरण घ्या. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहत. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्यांची मुलं. दोघंही मोठे गायक. कुणी म्हणेल, "बघा, गळा रक्तातून आला!" पण खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी. यांचं खाँसाहेबांशी रक्ताचं नातं नव्हतं. तरी गाणं किराण्याचंच! ते आलं तालमीतून.

सुरेशबाबूंच्या आणि हिराबाईंच्या बाबतीत रक्तही किराण्याचं आणि घरातलं वातावरणही किराण्याचं. मग कशानं किती दिलं, हे वेगळं कसं काढणार? (जाता जाता एक गंमत. खाँसाहेबांकडे टिपू नावाचा कुत्रा होता आणि तोही सुरात सूर मिळवायचा, असं सांगतात. आता त्याचं घराणं कोणतं म्हणायचं?)

रिट्रीव्हरच्या पिल्लाचं नेमकं हेच होतं. त्याची आई कुंई कुंई करणारी असेल, तर पिल्लाला तिचं रक्त तर मिळतंच, शिवाय डोळे उघडल्यापासून तिची कुंई कुंई कानावरही पडते. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत ही 'तालीम' चालू असते. पुढे पिल्लू त्याच मालकाकडे राहिलं, तर आईला ज्यानं शिकवलं तोच त्यालाही शिकवतो. पिल्लूही कुंई कुंई करू लागलं, तर दोष कुणाचा?

बार हार्बरची पिल्लं

हा गुंता सोडवायला अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला. मेन राज्यात समुद्रकाठी बार हार्बर नावाचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी पाच जातींची पिल्लं अनेक वर्षं वाढवली. सगळ्यांना सारखं अन्न, सारखी जागा, सारखी वागणूक. म्हणजे 'तालीम' सगळ्यांना एकच. मग जो फरक दिसेल तो बराचसा रक्तातला, असा हिशेब. १९६५ साली त्यांनी या कामावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं.

यात रिट्रीव्हर नव्हते. पण आपल्या प्रश्नाला उपयोगी पडेल अशी एक झकास जोडी होती. शांत बसेंजी आणि वाचाळ कॉकर स्पॅनियल! कॉकर किती वाचाळ? एका चाचणीत १० मिनिटांत ९०७ वेळा भुंकणं मोजलं गेलं. मोजणाऱ्याची काय दशा झाली असेल!

या दोन जातींची जोडी जमवून जी पिल्लं झाली, ती सहज भुंकण्याच्या बाबतीत कॉकरच्या बाजूला झुकली. काही वेतांत आई बसेंजी होती, काही वेतांत आई कॉकर होती. म्हणजे पिल्लं आईचं ऐकून शिकली एवढंच म्हणून भागत नव्हतं. मग या मिश्र पिल्लांची पुढची पिढी पाहिली, तेव्हा त्यांच्यात काही बसेंजीसारखी शांत पिल्लं पुन्हा उगवली. शांतपणा नाहीसा झाला नव्हता, दडून बसला होता. वाटाण्याची झाडं लावून ग्रेगोर मेंडेल यांनी असंच काहीसं दाखवलं होतं, ते दहावीच्या विज्ञानात भेटेल तुम्हाला.

न मागता आलेला आवाज

आणखी एक नवलाची गोष्ट रशियातली. सैबेरियात नोव्होसिबिर्स्क शहराजवळ १९५९ साली दिमित्री बेल्यायेव्ह यांनी रुपेरी कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. प्रत्येक पिढीतले माणसाला सगळ्यांत कमी घाबरणारे कोल्हे निवडायचे आणि त्यांचीच पिल्लं वाढवायची. काही पिढ्यांत ते कोल्हे कुत्र्यासारखे शेपूट हलवू लागले. दुसरीकडे मुद्दाम रागीट कोल्ह्यांचंही एक घराणं वाढवलं.

रागीट आईकडे माणसाळलेल्या घराण्याचं पिल्लू ठेवूनही पाहिलं. पिल्लू वागायला जन्मदात्या आईसारखंच निघालं! म्हणजे स्वभावाचा मोठा वाटा रक्तातलाच होता.

पण आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. बऱ्याच वर्षांनी शास्त्रज्ञांनी या कोल्ह्यांचे आवाज टिपले. माणूस जवळ आला की माणसाळलेले कोल्हे एक कलकलाट केल्यासारखा आवाज काढत आणि धापा टाकत. रागीट कोल्हे खोकल्यासारखा आणि फुरफुरल्यासारखा आवाज काढत. आता आवाजासाठी कुणी कोल्हे निवडलेच नव्हते! निवडला होता स्वभाव. आवाज त्याच्या मागोमाग आपोआप आला.

यातून रिट्रीव्हरवाल्यांनी काय घ्यायचं? त्यांना हवा असतो उतावीळ, जोशीला, पक्षी दिसताच पेटून उठणारा कुत्रा. असे कुत्रे निवडता निवडता, त्या जोशाबरोबर कुंई कुंईही पाठीमागून घरात शिरत असेल, ही शक्यता आहेच. गूळ आणला की मुंग्या येतात, तसं! म्हणूनच जाणकार माणसं जोश आणि तोंड बंद ठेवण्याची ताकद, दोन्ही एकाच कुत्र्यात शोधतात. आणि असा कुत्रा दुर्मीळ असतो.

दूध कधी उतू जातं?

मग रक्तातून नक्की येतं तरी काय? 'कुंई' हा आवाज काही डब्यात भरून येत नाही. येते ती प्रवृत्ती.

गॅसवर दुधाची दोन पातेली ठेवली आहेत असं समजा. एकाचे काठ उंच, दुसऱ्याचे बुटके. आच सारखीच दिली तरी बुटक्या पातेल्यातलं दूध आधी उतू जाणार. कुत्र्याच्या मनातला उत्साह म्हणजे दूध आणि कुंई कुंई म्हणजे उतू जाणं. पातेल्याच्या काठाची उंची बरीचशी रक्तातून मिळते. काठ बुटका असेल तर कुत्रा चटकन 'उतू' जातो.

पण गॅसची शेगडी कुणाच्या हातात आहे? शिकवणाऱ्याच्या! सहा महिन्यांच्या पिल्लाला रोज पन्नास वेळा चेंडू फेकून वेडंपिसं केलं, तर उंच काठाचं पातेलंही ओसंडून जाईल. उलट, बुटक्या काठाच्या पिल्लाला सावकाश, थोड्याथोड्या आचेवर शिकवलं तर एक थेंबही सांडणार नाही.

आणि इथेच शिकवणाऱ्यांची एक नेहमीची फसगत होते. कुत्रा बसला आहे. पक्षी पडला. कुत्र्यानं "कुंई" केलं आणि त्याच क्षणी मालक म्हणाला, "जा!" कुत्र्याच्या डोक्यात काय नोंद झाली? 'कुंई म्हटलं की जायला मिळतं!' पुढच्या वेळी तो अधिक मोठ्यानं कुंई करणार. तुमचा धाकटा भाऊ दुकानासमोर भोकाड पसरतो आणि त्याला गोळी मिळते, तसंच हे. भोकाड रक्तातून आलं म्हणायचं की गोळीतून?

शास्त्रज्ञांची आकडेमोड

अलीकडे हा प्रश्न मोठ्या संख्येवर तपासला गेला. २०१७ साली ब्रिटनमधल्या सुमारे दोन हजार लॅब्रेडॉरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मालकांना कुत्र्यांच्या सवयींबद्दल प्रश्न विचारले, कुत्र्यांची वंशावळ आणि जनुकं ताडून पाहिली. चेंडू, काठी उचलून आणण्याची हौस ही सगळ्यांत जास्त आनुवंशिक निघाली. नावच रिट्रीव्हर, म्हणजे हे शोभतंच! भुंकण्याचीही नोंद त्यात होती. तिच्यात रक्ताचा वाटा त्याहून कमी होता.

मग २०२२ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १८ हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती गोळा केली. त्यात जातिवंत होते आणि मिश्र जातीचेही. एखादा कुत्रा कसा वागेल यातला किती फरक त्याच्या जातीवरून सांगता येतो? उत्तर आलं, सरासरी अवघा ९ टक्के! मात्र लांब हेल काढून ओरडणं ही सवय जातीशी बरीच जोडलेली दिसली. बीगल, ब्लडहाउंड यांच्यात ती जास्त. लॅब्रेडॉर या बाबतीत सगळ्यांत गप्प. तरीसुद्धा १०० पैकी ८ लॅब्रेडॉरांच्या मालकांनी सांगितलं, "आमचा कधीकधी हेल काढतो बुवा!"

म्हणजे काय? घराणं कल सांगतं, पण समोरच्या एका कुत्र्याचं भविष्य सांगत नाही. हे भुंकणं, हेल काढणं, कुंई कुंई करणं कुणा एकट्या जनुकाच्या हातात नसतं. पुष्कळ जनुकं थोडाथोडा हातभार लावतात आणि उरलेलं काम घर, आई, शिक्षक आणि सवय करतात.

आता तुम्ही निकाल द्या!

गुप्तहेर व्हायचं ठरलं होतं ना? मग ही घ्या केस. ही काल्पनिक आहे, पण खऱ्या ब्रीडरांना असंच डोकं चालवावं लागतं.

समजा, शिलेदार नावाचा एक विजेता लॅब्रेडॉर आहे. त्याची चार माद्यांपासून २४ पिल्लं झाली. ती निरनिराळ्या घरी वाढली. त्यातली ९ मोठेपणी कुंई कुंई करतात. लोक म्हणू लागले, "शिलेदारचं रक्तच वाईट." तुम्ही काय कराल?

आधी विचारा, ही ९ पिल्लं कुणाची? नऊच्या नऊ एकाच मादीची असतील आणि ती मादीही कुंई कुंई करणारी असेल, तर बापावर आळ घेण्यात अर्थ नाही. आईकडे पाहा.

मग विचारा, त्यांना शिकवलं कुणी? नवातली आठ एकाच शिक्षकाकडची असतील, तर त्या शिक्षकाकडची दुसऱ्या बापांची पिल्लं पाहा. तीही कुंई कुंई करत असतील तर दोष शिकवण्यात आहे.

पण ही ९ पिल्लं चारही माद्यांत विखुरलेली असतील, निरनिराळ्या घरांत आणि निरनिराळ्या शिक्षकांकडे वाढलेली असतील, आणि त्याच शिक्षकांकडची दुसऱ्या बापांची पिल्लं बहुतेक शांत असतील, तर? तर मात्र संशयाची सुई शिलेदारकडे वळते.

पाहिलंत? एका कुत्र्याकडे बघून निकाल देता येत नाही. त्याची भावंडं, सावत्र भावंडं, आई, घर, शिक्षक, सगळ्यांची साक्ष काढावी लागते. आंधळ्या माणसांसाठी वाटाडे कुत्रे तयार करणाऱ्या संस्था अशाच नोंदी ठेवतात. पिल्लं वेगवेगळ्या कुटुंबांत वाढवायला देतात, त्यामुळे घराचा परिणाम कोणता आणि घराण्याचा कोणता, हे वेगळं काढणं थोडं सोपं जातं.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानातल्या प्राण्यापक्ष्यांच्या शिकारीला आळा घातला. ते उत्तमच झालं. त्यामुळे इथल्या लॅब्रेडॉरला तळ्याकाठी बदकांची वाट पाहत बसायचं नाही. पण त्याच्या पूर्वजांचा तो शांतपणा इथे दुसऱ्याच कामी आला.

मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला 'जंजीर' तुमच्या आईबाबांना नक्की आठवेल. रिट्रीव्हर कुळातलाच तो. मार्च १९९३ मधल्या मुंबईच्या बॉम्बस्फोटांनंतर त्यानं ३ हजार किलोहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं. किती जणांचे प्राण त्यामुळे वाचले असतील! २००० साली तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली.

बॉम्बशोधक कुत्र्याला स्फोटकाचा वास लागला की काय करायला शिकवतात माहीत आहे? भुंकायचं नाही, उकरायचं नाही, गुपचूप खाली बसायचं! मनात तुफान, तोंड बंद. स्कॉटलंडच्या माळरानावरची जुनी नोकरीच ही, नव्या गणवेशात!

आता थोडं घरातलं. शहरांत पुष्कळ जण लॅब्रेडॉरचं पिल्लू आणतात. का? तर "ही जात शांत असते" असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मग घरातली सगळी माणसं दिवसभर बाहेर. पिल्लू एकटं. ते कुंई कुंई करतं, भुंकतं, शेजारी तक्रार करतात. "फसवलं आपल्याला, याचं रक्तच खराब," असं म्हणून काही जण त्याला चक्क रस्त्यावर सोडून देतात. वाईट वाटतं ना? काठ कितीही उंच असले तरी एकटेपणाच्या आचेवर दूध उतू जाणारच. त्या पिल्लाला दोष देण्याआधी गॅस कुणी मोठा केला, ते बघायला हवं.

आपल्याकडे 'खाण तशी माती' असं म्हणतात. कुत्र्यांच्या बाबतीत ते थोडंफार खरं आहे, हे आपण पाहिलं. पण मातीचं मडकं होणार की नुसताच चिखल, हे कुंभाराच्या हातावरही असतं! आणि ही गोष्ट वर्गातल्या एखाद्या मुलाबद्दल "हा असाच, याच्या घरचेच तसे" असं कुणी म्हणालं, तर जरूर आठवा. दोन हजार कुत्रे तपासूनही शास्त्रज्ञ एका कुत्र्याबद्दल छातीठोकपणे बोलत नाहीत. मग आपण एका मुलाबद्दल एवढ्या घाईनं कसं बोलायचं?

करून पाहा

तुमच्या गल्लीत एखाद्या कुत्रीला पिल्लं झाली असतील, तर लांबूनच त्यांची नोंद ठेवा. पिल्लांच्या जवळ जाऊ नका, आई अंगावर येऊ शकते. मोठ्या माणसाला सोबत घ्या. वहीत चार रकाने आखा : पिल्लाचा रंग, केव्हा आवाज केला, कशामुळे केला (भूक, खेळ, भीती, आई दूर गेली), आणि किती वेळ. रोज दहा मिनिटं, असं चार आठवडे. एकाच आईची, एकाच गल्लीत वाढणारी पिल्लं. सगळी सारखीच बडबड करतात, की एखादं जन्मजात वाचाळ आणि एखादं मुखदुर्बळ निघतं?

काय दिसलं ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा. आणि हो, आकडे खरेच लिहा. गुप्तहेरानं पुरावा बदलायचा नसतो!